वस्ताद आहेत, पठ्ठे कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोल्हापुरात कारखाने आहेत, हाताला कामही आहे. कमी होत चालली आहेत ती मेस्त्रीच्या हाताखाली उभी राहणारी पोरे. ही साखळी तुटली तर ‘आपल्या देशात बनवा’ या घोषणेला हात कुठून येणार?

शिवाजी पेठेच्या अंगाने खरी कॉर्नरला आलात, की तिथे कॅमेऱ्याचा एक स्तंभ दिसतो. त्याच्यासमोरून रोज हजारो गाड्या जातात. थांबून बघणारे थोडेच. हा स्तंभ बाबूराव आणि आनंदराव या पेंटर बंधूंच्या आठवणीचा. ‘पेंटर’ हे नाव त्यांना कामामुळे पडले, मूळ आडनाव मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता या दोघांना सिनेमाचे वेड लागले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला होता. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा आणि कॅमेरा यायचा परदेशातून. या दोघांनी तो इथेच करायचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव वारले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम तडीला नेले आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

या माणसांनी कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. वस्तू उघडून बघायची, तिचे कुठे अडते ते समजून घ्यायचे, मोडली तर दुरुस्त करायची आणि मग तसली नवी करायची, एवढेच त्यांचे शिक्षण. बाबूरावांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम शिकले आणि त्यांनीच सहकाऱ्यांसह १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी केली. एका मेस्त्रीच्या हाताखालून एक सबंध धंदा उभा राहिला तो असा.

आज आपल्याला बोलायचे आहे ते सिनेमाविषयी नाही. देशात माल बनला पाहिजे, असे सगळेच म्हणतात. पण माल बनवणारा हात कसा तयार होतो आणि तो आज का तयार होत नाही, याचा विचार आपण फारसा करत नाही. कोल्हापूरच्या उदाहरणावरून तो करून पाहू.

दुरुस्तीतून निर्मिती

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कापडाच्या गिरणीचा पाया घातला. शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, राधानगरीचे धरण हाती घेतले. पाणी आले तसा ऊस वाढला. उसाला नदीचे पाणी उपसायला इंजिने आली, गुऱ्हाळांना चरक आले. ही इंजिने बहुतेक विलायतेची. ती बिघडली, की इथलाच कोणीतरी सुतार, लोहार ती उघडून बसायचा. पुढे दुसरे महायुद्ध पेटले आणि परदेशी सुटे भाग यायचे थांबले. ऊस काही थांबणार नव्हता. मग पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह असे एकेक भाग इथेच होऊ लागले. भाग जमले तसे आख्खे ऑईल इंजिन जमले. इंजिनाला बीडाचे ओतकाम लागते म्हणून फौंड्री आली. शिवाजी उद्यमनगरच्या बोळांतून हा सगळा पसारा वाढला आणि नंतर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत पोहोचला.

आज कोल्हापूर परिसरात सुमारे तीनशे फौंड्री आहेत. मोटारी, ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांना लागणारे ओतीव भाग इथून देशभर आणि परदेशात जातात. ओतकामाच्या उत्पादनात जगात चीनच्या खालोखाल भारताचा नंबर लागतो, त्यात आपल्या जिल्ह्याचाही वाटा आहे. ही कोणा सरकारी योजनेची किमया म्हणता येणार नाही. गरज पडली तेव्हा शिकलेला हात इथे हजर होता, हे त्यामागचे मोठे कारण.

मुठीतली वाळू

हा शिकलेला हात म्हणजे नेमके काय, हे ओतकामाच्या उदाहरणावरून चांगले कळते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा, तर आधी त्याची लाकडाची किंवा धातूची प्रतिकृती करतात. तिला पॅटर्न म्हणतात. हा पॅटर्न वाळूत दाबून काढून घेतला, की वाळूत त्याच आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा, निवला की वाळू फोडून जॉब बाहेर काढायचा. जॉब आतून पोकळ हवा असेल तर वाळूचाच एक गाभा, म्हणजे कोअर, मध्ये ठेवायचा. ऐकायला सोपे आहे. खरी मेख पुढे आहे.

लोखंड निवताना आकसते. बीडाचा मीटरभर लांबीचा जॉब सुमारे दहा मिलिमीटरने आखूड होतो. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. पॅटर्नमेकरकडे त्यासाठी वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरपेक्षा जरासा मोठा! अॅल्युमिनियम जास्त आकसते, पोलाद त्याहून जास्त, म्हणून प्रत्येक धातूची पट्टी निराळी. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. जिथे जाड भाग बारीक भागाला मिळतो तिथे लोखंड उशिरा निवते आणि आत पोकळी धरते, म्हणून तिथे रसाचा जादा साठा ठेवायचा. एक लाकडी ठोकळा बघून हे सगळे ज्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते तो पॅटर्नमेकर. तो बहुधा सुतारकामातून आलेला असतो.

वाळूचेही तसेच. वाळू, बेंटोनाइट माती आणि थोडेसे पाणी यांचे मिश्रण. पाणी जास्त झाले तर उकळत्या रसाने त्याची वाफ होते आणि जॉबला भोके पडतात. कमी झाले तर साचा ढासळतो. आता वाळू तपासायची यंत्रे आहेत आणि ती हवीतच. पण जुना मोल्डर अजूनही वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो, बोटांचे ठसे बघतो, तो गोळा मधोमध मोडून त्याची कड बघतो आणि सांगतो, “आज वाळू कोरडी हाय.” हाताखालचे पोरगे विचारते, “मेस्त्री, तुम्ही कशावरून वळखता?” उत्तर ठरलेले, “मुठीत धरून बघ की रं!” पोरगे मूठ दाबते. पहिल्या दिवशी काही कळत नाही. महिन्याभराने थोडे कळू लागते. वर्षाने ते आपणहून सांगते आणि मेस्त्री नुसती मान हलवतो.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही, कारण आपल्याकडे तालमी आहेत. कुस्तीचा डाव पुस्तक वाचून येत नाही. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहतो, पठ्ठ्याचा पाय कुठे पडतो ते बघतो, एका शब्दात चूक सांगतो. वर्कशॉपमधला मेस्त्री म्हणजे लेथवरचा, भट्टीवरचा वस्तादच. दोन्हीकडे विद्या अंगाला अंग लावून उतरते. वस्ताद थकला आणि समोर पठ्ठाच नसला, तर ती विद्या वस्तादाबरोबर जाते. तिची झेरॉक्स काढून ठेवता येत नाही.

पोरे का येत नाहीत?

आज फौंड्रीत मोल्डिंगवर, फेटलिंगवर उभा असलेला कामगार बऱ्याचदा बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला असतो. तो आला नसता तर कितीतरी भट्ट्या पेटल्या नसत्या. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसे गावी परतली, तेव्हा कारखानदारांना त्यांची किंमत कळली. पण पेठेतली, आसपासच्या गावांतली पोरे या कामावर का येत नाहीत, हा प्रश्न उरतोच.

‘आजकालच्या पोरांना कष्ट नकोत’ असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. तीच पोरे पहाटे उठून भरतीसाठी धावतात, फुटबॉलच्या मोसमात उन्हातान्हात घाम गाळतात. कष्टाला ती भीत नाहीत. त्यांना दिसते ते वेगळेच. भट्टीशेजारी चौदाशे अंशांचा रस ओतला जातो. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि गेलेले फुप्फुस परत येत नाही. बराच काळ काम ठेकेदाराच्या हाताखाली, हजेरीवर. वीस वर्षे काम केलेल्या मेस्त्रीकडे आपल्या कसबाचा कागद नसतो. एका कारखान्यातून दुसऱ्यात गेला तर पुन्हा ‘करून दाखवा’ पासून सुरुवात.

आणि एक गोष्ट आपण उघड बोलत नाही. स्थळ आले की पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा काय करतो?’ ‘कंपनीत सुपरवायझर आहे’ म्हटले तर चहा येतो. ‘फौंड्रीत मोल्डर आहे’ म्हटले तर बोलणे दुसरीकडे वळते. ज्या मेस्त्रीच्या हातावर मालकाचा धंदा चालतो, तोच मेस्त्री आपल्या पोराला सांगतो, “तू माझ्यासारखा काळा होऊ नकोस, चार बुकं शिक.” बाप म्हणून त्याचे काही चुकत नाही. आपण समाज म्हणून कारागिराचे कौतुक करतो आणि त्याच्या घरी मुलगी द्यायला बिचकतो. पठ्ठे कमी होण्याचे खरे कारण इथे आहे, असे मला वाटते.

पायताण मिलानला, कारागीर कुठे?

हाच प्रश्न चपलेत आणखी टोकदार होतो. कोल्हापुरी चपलेचे नाव जगाला नवे नाही. पण जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात ‘प्राडा’ या नामांकित कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि त्यावर कोल्हापूरचे नाव नव्हते. इकडे गदारोळ झाला. कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली ती जुलैमध्ये फेटाळली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीने करार केला आणि इथल्या कारागिरांकडून सुमारे दोन हजार जोड करून घेण्याचे जाहीर केले.

या चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले ते २०१९ मध्ये. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा तो मिळून हक्क आहे. कारण कातडी कमावणारे, तळ करणारे आणि शिवणारे हात सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. जीआय म्हणजे कोणा एकाची मालकी नव्हे. या भागात, या पद्धतीने केलेल्या चपलेलाच हे नाव लावता येते, एवढा तो हक्क. पण तो वापरायचा तर कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ज्याच्या दारात ती माहितीच पोहोचली नाही, त्याला मानांकन असून नसल्यासारखे.

आता ही चप्पल होते कशी ते पाहा. परंपरेने कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. कातड्याची पिशवी शिवून तिच्यात ते पाणी भरून ठेवायची जुनी रीत आहे. मग रापीने तळ कापायचा, कान लावायचे, पट्टा चढवायचा, अंगठा बसवायचा. शिवण कातडीच्या वादीची, खिळा नाही. वेणी घालायचे नाजूक काम बहुतेक घरच्या बायका करतात. दुकानातल्या पाटीवर मात्र त्यांचे नाव कुठेच नसते. कागल तालुक्यातल्या कापशीच्या नावाने चपलेचा एक घाटच ओळखला जातो. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यावर कातड्याची टंचाई झाली, भाव वाढले, बाहेरून माल आणावा लागला. दुसरीकडे बाजारात रेक्झिनची, यंत्रावरची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून निम्म्याहून कमी भावात मिळते.

इथे मुलाने बापाचा धंदा सोडणे याला आणखी एक अर्थ आहे. चामड्याचे काम पिढ्यान्पिढ्या एकाच समाजावर लादले गेले आणि त्याबद्दल त्याला हिणवलेही गेले. त्या घरातले पोर शिकून शिक्षक झाले, बँकेत लागले, तर आपण टाळ्याच वाजवल्या पाहिजेत. ‘कला टिकली पाहिजे’ हे सांगण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? कला टिकायची असेल तर ती जातीच्या बेडीतून सुटून मानाचा आणि मिळकतीचा धंदा व्हावी लागेल. मग ती त्या घरातले पोरही आनंदाने उचलेल आणि दुसऱ्या घरातलेही. लाखाच्या घरात किंमत सांगितलेल्या चपलेतले किती रुपये शिवणाऱ्याच्या हातात पडतात, त्यावर हे ठरणार आहे.

यंत्र आले म्हणजे हात गेला?

कोणी म्हणेल, आता संगणकावर पॅटर्न काढता येतो, सीएनसी यंत्र तो कापते, वाळूचा साचासुद्धा थ्रीडी छपाईने होतो, मग मेस्त्री हवा कशाला? संगणक रस कुठे उशिरा निवेल ते दाखवतो, हे खरे. पण साचा सलग तीन दिवस खराब माल देऊ लागला, तर दोष वाळूत आहे, भट्टीत आहे की ओतणाऱ्याच्या मनगटात, हे हुडकायला काम अंगाखालून गेलेला माणूसच लागतो. शहाणपण असे, की संगणकावर बसलेल्या मुलीला जुन्या पॅटर्नमेकरशेजारी बसवावे. तिला डोळा मिळेल, त्याला नवे हत्यार मिळेल.

मोठा बदल दारात उभा आहे तो विजेच्या गाड्यांचा. विजेवर चालणाऱ्या मोटारीला इंजिनाचा ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. आपल्या कितीतरी फौंड्रींची रोजीरोटी याच भागांवर आहे. ब्रेक ड्रम, अॅक्सलची घरे, पंप, व्हॉल्व्ह, शेतीची अवजारे यांची गरज राहील. मोटरची घरे बहुधा अॅल्युमिनियमची असतील, म्हणजे नवा धातू आणि नवी पट्टी. भट्ट्या विजेवर चालतात, तेव्हा विजेचा दर हाही जिवाचा प्रश्न आहे. पण युद्धकाळात ज्या गावाने विलायती इंजिन उघडून स्वतःचे केले, त्याला हा बदल पेलणार नाही असे नाही. अट एकच, उघडून बघणारी पोरे शिल्लक पाहिजेत. आजच्या मोबाइलला, फ्रीजला, गाडीला दुरुस्तीपेक्षा बदलणे स्वस्त पडते. दुरुस्तीची दुकाने बंद पडली, की पोरांच्या शिक्षणाची पहिली इयत्ताच बंद पडते.

काय करता येईल?

शिकाऊ उमेदवारांचा कायदा देशात १९६१ पासून आहे. आपल्या कळंबा रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत चर्मकारही येतो. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, कमी व्याजाचे कर्ज, प्रशिक्षणाच्या काळात रोजचे पाचशे रुपये अशा त्यातल्या तरतुदी आहेत. म्हणजे कागद आहेत. कमी पडते ते कारखाना आणि शाळा यांचे नाते.

जर्मनीत ही गाठ घट्ट आहे. तिथे हाताचे काम शिकणारा मुलगा किंवा मुलगी आठवड्यातले काही दिवस कारखान्यात पगारावर काम करते आणि काही दिवस शाळेत शिकते. तीन-साडेतीन वर्षांनी परीक्षा होते, प्रमाणपत्र देशभर चालते आणि पुढे ‘मास्टर’ होण्याची वाटही असते. तिथल्या मास्टरला समाजात मान आहे. आपल्याकडे कारखानदार म्हणतो, “शिकवला की पळतो.” एकट्याने शिकवले तर तो पळणारच. पण दहा फौंड्रींनी मिळून वीस पोरे शिकवली तर ती पळून जातील कुठे? या दहांतल्याच एकात! उसासाठी, दुधासाठी सहकार उभा करणाऱ्या जिल्ह्याला पोरे शिकवण्यासाठी सहकार जमू नये?

आणखी तीन गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. निवृत्त मेस्त्रींना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मानधनावर बोलवावे. त्यांच्याकडे पदवी आहे का, हे विचारू नये. कारखान्यात धूळ ओढणारे पंखे, मास्क आणि वर्षाची छातीची तपासणी सक्तीची मानावी, कारण जिथे बाप खोकतो तिथे पोरगा येत नाही. आणि वस्तूवर करणाऱ्याचे नाव यावे. २०२५ मध्ये अस्सल कोल्हापुरी चपलेसाठी क्यूआर कोडची सोय झाली. त्या कोडात शिवणाऱ्याचे आणि वेणी घालणारीचे नाव दिसले, तर मोबाइलवर ते वाचणारे गिऱ्हाईक भाव करताना दोनदा विचार करील.

आपल्यासारख्या साध्या माणसांकडेही एक काम आहे. पुढच्या वेळी घरी लेथवर काम करणाऱ्या मुलाचे स्थळ आले, तर विषय बदलू नका. त्याला विचारा, “काय बनवता तुम्ही?” तो सांगेल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. आणि तुमच्या मुलाने घरातला बंद पडलेला मिक्सर उघडला, तर त्याच्यावर ओरडू नका. फक्त प्लग आधी काढायला सांगा.